कवळीच्या दातांचा रंग : एक दुर्लक्षित प्रश्न

साठी उलटलेल्या माणसांच्या घरी हमखास ऐकू येणारी एक तक्रार म्हणजे दातांची. कोणाची दाढ हलते, कोणाचे पुढचे दोन दात गेलेले असतात, तर कोणाला भाकरी दुधात कुस्करल्याशिवाय खाता येत नाही. मग मुले-सुना म्हणतात, "एकदाची कवळी बसवून घ्या." कवळी बसते, पण पुष्कळदा महिन्याभरातच ती डबीत जाऊन पडते. याची कारणे अनेक असतात. कवळी सैल होते, हिरडीला टोचते, बोलताना खाली येते. ही कारणे रुग्ण लगेच सांगतो आणि डॉक्टर ती दुरुस्तही करून देतात. परंतु आणखी एक कारण असे आहे की ते रुग्ण सहसा तोंडाने सांगत नाही. ते म्हणजे दातांचा रंग. "एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्टरांना काय त्रास द्यायचा," असे म्हणून माणूस गप्प बसतो आणि हसायचे सोडून देतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाची माहिती सोप्या भाषेत देण्याचा प्रयत्न केला आहे.

एका आजींनी शिकवलेला धडा

मी दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. माझ्याकडे सत्तरीच्या एक आजी आल्या. वरचे-खालचे सगळेच दात गेलेले. मी मोठ्या उत्साहाने माप घेतले, जबड्यांची उंची ठरवली. दातांचा रंग निवडायची वेळ आली तेव्हा संध्याकाळचे सहा वाजून गेले होते आणि ट्यूबलाइट लागल्या होत्या. मी रंगाचे नमुने आजींच्या ओठांजवळ धरले न धरले तोच सर्वांत उजळ नमुना निवडून मोकळा झालो. आजींना विचारलेच नाही. सोबत आलेल्या सुनेला विचारले. ती म्हणाली, "पांढरेच घ्या, छान दिसतील."

कवळी तयार झाली, बसली, टोचलीही नाही. मला धन्यता वाटली. आठ दिवसांनी आजी परत आल्या. बोलताना त्यांनी तोंडावर पदर धरला होता. काय झाले, म्हणून विचारले, तर बराच वेळ काही बोलेनात. शेवटी म्हणाल्या, "बाळा, दात चांगले हाईत, पण ते माझे न्हाईत. गल्लीतल्या बाया म्हणत्यात, म्हातारीनं नव्या नवरीचे दात आणले."

आमच्या सरांनी आजींना दिवसाउजेडी खिडकीपाशी बसवले. नमुन्यांतले तीन दात वेगळे काढून एकेक करून ओठाखाली धरले आणि आरसा आजींच्याच हातात दिला. आजींनी बोट ठेवला तो दात मी निवडलेल्या दातापेक्षा खूपच पिवळसर होता. पुढचे सगळे दात काढून नवे बसवावे लागले. त्या दिवशी मला समजले की, कवळीच्या दातांचा रंग निवडणे म्हणजे पांढरेपणा निवडणे नव्हे, तर त्या माणसाच्या चेहऱ्याला शोभणारे दात शोधणे होय. आणि ज्याच्या तोंडात ते बसणार, त्याला विचारल्याशिवाय हे काम पुरे होत नाही.

दाखवायचे दात आणि खायचे दात

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे दात वेगळे, असे आपण म्हणतो. कवळीचेही थोडेफार तसेच आहे. मागच्या दाढा चावण्यासाठी, तर पुढचे सहा दात मुख्यतः दिसण्यासाठी आणि स्पष्ट बोलण्यासाठी असतात. रंगाचा प्रश्न येतो तो या पुढच्या दातांचा.

काढता-घालता येणाऱ्या कवळीचे दोन प्रकार आहेत. सगळे दात गेले असतील तर पूर्ण कवळी आणि काही दात शिल्लक असतील तर अर्धी कवळी, जिला दवाखान्यात 'पार्शल' म्हणतात. दोहोंमध्ये बहुधा गुलाबी ॲक्रिलिकची बैठक आणि तिच्यात रोवलेले तयार दात असतात. पूर्वी हे दात चिनी मातीचे असत आणि बैठक कडक केलेल्या रबराची असे. १९३० नंतरच्या दशकात ॲक्रिलिक आले आणि हळूहळू रबर मागे पडले. आज आपल्याकडे दातही बहुतेक ॲक्रिलिकचेच वापरतात. हे दात कारखान्यात तयार होतात आणि मेणाच्या पट्टीवर लावलेल्या संचात बाजारात मिळतात. म्हणजे डॉक्टर दाताचा रंग 'बनवत' नाहीत, तयार रंगांतून 'निवडतात'. म्हणूनच निवड चुकली की पुढे सगळेच चुकते.

नैसर्गिक दाताला रंग येतो कोठून?

दात पांढरे असतात असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात निरोगी दातही पांढराशुभ्र नसतो. दाताचे बाहेरचे आवरण म्हणजे इनॅमल. ते अर्धपारदर्शक असते, साधारण दुधी काचेसारखे. त्याच्या आत डेंटिन नावाचा थर असतो आणि तो पिवळसर असतो. आपल्याला दिसतो तो रंग मुख्यतः या आतल्या डेंटिनचा, इनॅमलमधून गाळून आलेला.

विद्यार्थी मित्रांनी आरसा घेऊन खिडकीपाशी उभे राहावे आणि स्वतःचे दात नीट पाहावेत. हिरडीजवळ दात अधिक पिवळा दिसेल, कारण तेथे इनॅमल पातळ असते. चावण्याच्या कडेला तो किंचित निळसर-करडा दिसेल, कारण तेथे मागे डेंटिन नसते. मधल्या दोन दातांपेक्षा सुळा जास्त पिवळा दिसेल, कारण त्यात डेंटिनचा थर जाड असतो. एकाच तोंडात, एकाच दातात इतके फरक असतात. म्हणूनच सगळे दात एकाच रंगाचे आणि वरपासून खालपर्यंत एकसारखे असले की पाहणारा चटकन ओळखतो की हे दात खोटे आहेत.

वयाचाही परिणाम होतो. वर्षानुवर्षे इनॅमल झिजते आणि आतून डेंटिनचे थर वाढत जातात. त्यामुळे वयाबरोबर दात अधिक पिवळे व मंद दिसू लागतात. सत्तरीच्या माणसाच्या तोंडात विशीचे दात बसवले तर ते डोळ्यांना खटकतात, ते याच कारणाने.

दातांवर बसणारे डाग ही वेगळी गोष्ट आहे. चहा, पान, तंबाखू आणि आपल्याकडच्या अनेक माता-भगिनींना असलेली मिश्रीची सवय यांमुळे दातांवर काळपट-तपकिरी थर बसतो. तो बाहेरचा असतो आणि दवाखान्यात दात साफ करून घेतले की पुष्कळसा निघतो. याउलट यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही गावांत विहिरी आणि कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. दात घडत असण्याच्या वयात असे पाणी पोटात गेले तर इनॅमलमध्येच खडूसारखे ठिपके किंवा तपकिरी पट्टे तयार होतात. ते घासून जात नाहीत. अर्धी कवळी करताना हा फरक ओळखणे अत्यंत आवश्यक आहे. डाग बाहेरचे असतील तर आधी दात साफ करावेत आणि नंतरच रंग निवडावा. नाहीतर मिश्रीच्या थराशी जुळवलेला दात थर निघाल्यावर एकटाच काळपट उरतो. डाग आतले असतील तर तंत्रज्ञ कवळीच्या दातावरही तशीच हलकी छटा चढवू शकतो, मात्र ती रुग्णाच्या संमतीनेच.

रंगाचे तीन गुण

"दात पिवळा आहे" एवढ्या वर्णनावर काम भागत नाही. आल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकाराने १९०५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात रंगाचे वर्णन तीन गुणांनी करण्याची पद्धत मांडली. दंतवैद्यकातही तीच वापरली जाते.

पहिला गुण म्हणजे रंगाची जात. हळद पिवळी आणि कुंकू लाल, हा जातीचा फरक. दुसरा गुण गडदपणा. पेलाभर पाण्यात चिमूटभर हळद टाकली आणि दुसऱ्या पेल्यात चमचाभर टाकली तर जात एकच, पण गडदपणा वेगळा. तिसरा गुण उजळपणा. एखाद्या गोष्टीचा कृष्णधवल फोटो काढला तर ती जितकी पांढरी किंवा करडी दिसेल, तो तिचा उजळपणा. दातांच्या बाबतीत हा तिसरा गुण सर्वांत महत्त्वाचा आहे. जात थोडी चुकली तर समोरच्याच्या सहज लक्षात येत नाही, परंतु उजळपणा चुकला तर चार हातांवरूनही दिसतो.

रंग निवडण्यासाठी डॉक्टरांकडे नमुना दातांचा एक संच असतो. त्याला 'शेड गाईड' म्हणतात. रंगाच्या दुकानात भिंतीच्या रंगांचे कार्ड असते तसाच हा प्रकार. यात सर्वांत प्रसिद्ध आहे तो जर्मनीच्या व्हिटा कंपनीने १९५६ साली आणलेला संच. त्यात १६ छटा असून त्या चार गटांत विभागलेल्या आहेत. 'ए' गट तांबूस-तपकिरी, 'बी' गट तांबूस-पिवळा, 'सी' गट करडा आणि 'डी' गट तांबूस-करडा. गटात आकडा वाढत जाईल तशी छटा गडद होत जाते.

येथे नवशिक्याची एक फसगत होते. त्याला वाटते की सगळ्या गटांतले एक नंबरचे दात सारखेच उजळ असतील. तसे नाही. 'सी-१' हा 'ए-२' पेक्षाही मंद आहे. म्हणून हा संच उजळपणाच्या क्रमाने लावून ठेवावा. तो क्रम असा : बी-१, ए-१, बी-२, डी-२, ए-२, सी-१, सी-२, डी-४, ए-३, डी-३, बी-३, ए-३.५, बी-४, सी-३, ए-४, सी-४. आधी उजळपणा ठरवावा आणि मग त्याच्या आसपासच्या छटांतून जात व गडदपणा पाहावा. पुढे १९९८ साली त्याच कंपनीने २६ छटांचा दुसरा संच आणला. त्याची रचनाच मुळी आधी उजळपणा, मग गडदपणा आणि शेवटी जात, अशी आहे.

उजेडाचे महत्त्व

साडीवर ब्लाउजपीस जुळवायला गेलेली आपली आई किंवा बहीण काय करते, ते आठवा. दुकानातल्या दिव्याखाली दोन्ही रंग जुळलेले दिसतात. तरीही ती कापड घेऊन दुकानाच्या दारात येते आणि बाहेरच्या उजेडात पाहते. पुष्कळदा तेथे फरक उघड होतो. दोन वस्तू एका उजेडात सारख्या आणि दुसऱ्या उजेडात वेगळ्या दिसू शकतात, हे शास्त्र आपल्या माता-भगिनींना अनुभवाने ठाऊक आहे. नैसर्गिक दात आणि ॲक्रिलिकचा दात हे दोन वेगळे पदार्थ असल्याने त्यांच्या बाबतीत हे हटकून घडते.

जुन्या पिवळ्या बल्बखाली दात पिवळा दिसतो. साध्या ट्यूबलाइटखाली त्यावर हिरवट-निळसर झाक येते. एलईडी दिवेही नाना प्रकारचे असतात. म्हणून रंग दिवसाच्या उजेडात, साधारणपणे सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेत निवडावा. थेट ऊन नको, आकाशाचा पसरलेला उजेड हवा. उत्तरेची खिडकी त्यासाठी उत्तम. सकाळ-संध्याकाळच्या तांबूस उन्हात रंग पाहू नये. दिव्याखालीच काम करणे भाग असेल तर दिवसाच्या प्रकाशासारखा, ५५०० ते ६५०० केल्विनचा चांगल्या प्रतीचा दिवा वापरावा.

शिबिरांच्या संयोजकांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. रंगीत कापडाच्या मांडवात दातांचा रंग कधीही निवडू नये. लाल-निळ्या कापडातून गाळून आलेला उजेड सगळ्यांच्याच दातांवर आपला रंग चढवतो. रुग्णाला मांडवाबाहेर सावलीत खुर्ची द्यावी. त्याने भडक रंगाची साडी किंवा सदरा घातला असेल तर छातीवर करडे किंवा फिकट कापड पसरावे. ओठांना रंग लावला असेल तर पुसायला सांगावे.

डोळ्यांचीही मर्यादा असते. एकाच नमुन्याकडे टक लावून पाहत राहिले की डोळा थकतो आणि फरक दिसेनासे होतात. म्हणून पाच-सात सेकंदांत निर्णय घ्यावा, नाहीतर नजर दुसरीकडे वळवावी. मध्ये निळ्या कागदाकडे पाहावे, असे पूर्वी सांगत. परंतु निळ्याकडे पाहिल्यावर डोळ्यांत काही क्षण पिवळी छाया उरते, त्यामुळे आता करड्या कागदाकडे पाहण्याची शिफारस केली जाते. तसेच काही जणांना जन्मतःच रंगांतील फरक कमी कळतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के, तर स्त्रियांत जेमतेम अर्धा टक्का आढळते. जपानचे डॉ. इशिहारा यांनी १९१७ साली तयार केलेल्या ठिपक्यांच्या चित्रांवरून हा दोष सहज ओळखता येतो. दोष असला म्हणून दंतवैद्यक सोडण्याचे कारण नाही. रंग निवडताना दुसऱ्या सहकाऱ्याचे डोळे मदतीला घ्यावेत, एवढेच.

प्रत्यक्ष निवड कशी करतात?

अर्ध्या कवळीत शेजारचा खरा दात हाच आपला मार्गदर्शक. रुग्ण खुर्चीत बसला की प्रथम रंग पाहावा, माप नंतर घ्यावे. कारण तोंड बराच वेळ उघडे राहिले की दात कोरडा पडतो आणि कोरडा दात असतो त्यापेक्षा पांढरा दिसतो. नमुना दातही पाण्यात बुडवून ओला करावा. तो खऱ्या दाताच्या पुढे किंवा मागे न धरता त्याच पातळीत, कडेला कड लावून धरावा. सुळा गेला असेल तर शक्यतो दुसऱ्या बाजूच्या सुळ्याशी जुळवावे, मधल्या दाताशी नव्हे.

पूर्ण कवळीत तुलनेला एकही दात नसतो, म्हणून काम अधिक कठीण. येथे नमुना तीन ठिकाणी धरून पाहण्याची पद्धत आहे. प्रथम नाकाच्या बाजूला, चेहऱ्याच्या कातडीलगत. यावरून रंगाचा ढोबळ अंदाज येतो. नंतर ओठाखाली, फक्त दाताची कड दिसेल असा. माणूस शांत बसलेला असताना दात कसे दिसतील, ते यावरून कळते. शेवटी तोंड उघडून, नमुन्याचा फक्त हिरडीकडचा भाग ओठाने झाकून. माणूस हसला की कसे दिसेल, ते यात दिसते. तिन्ही ठिकाणी जो नमुना उठून दिसत नाही तो योग्य. डोळे किलकिले करून दोन-तीन नमुने चेहऱ्याशेजारी पाहावेत. जो सर्वांत आधी चेहऱ्यात मिसळून दिसेनासा होतो, तो त्या चेहऱ्याला जवळचा.

घरच्या मंडळींकडूनही मदत मिळते. जुनी कवळी असेल तर ती आणायला सांगावी आणि तिचा रंग आवडत होता का, ते विचारावे. लग्नातला किंवा मुलांच्या बारशातला फोटो दातांचा आकार आणि हसण्याची ठेवण सांगतो. रंगासाठी मात्र त्यावर विसंबू नये, कारण छपाईत आणि काळाच्या ओघात रंग बदलतात.

सावळा चेहरा आणि पांढरे दात

आपल्याकडे एक समज असा आहे की सावळ्या माणसाचे दात मुळातच जास्त पांढरे असतात, म्हणून त्याला सर्वांत उजळ दात द्यावेत. कातडीच्या रंगावरून दाताचा रंग ठरवावा, असा कोणताही पक्का नियम सिद्ध झालेला नाही. डोळ्यांना जे दिसते त्याचे कारण वेगळे आहे. काळ्या फळ्यावर खडूची रेघ जशी ठळक उठते, तसाच सावळ्या चेहऱ्यावर कोणताही दात असतो त्यापेक्षा उजळ भासतो. तेव्हा सावळ्या चेहऱ्याला मुद्दाम अतिउजळ दात दिले तर चूक दुप्पट होते. चेहरा मागे राहतो आणि दातच पुढे येतात.

याचा अर्थ असा नव्हे की रुग्णाने उजळ दात मागूच नयेत. एखाद्या गृहस्थांना किंवा ताईंना जन्मभर आपल्या डागाळलेल्या दातांची लाज वाटत आली असेल आणि आता तरी चांगले दात असावेत अशी त्यांची इच्छा असेल, तर ती इच्छा रास्त आहे. डॉक्टरांनी आपल्याला योग्य वाटणारा आणि रुग्णाने मागितलेला, असे दोन्ही रंग दिवसाच्या उजेडात आरशात दाखवावेत, फरक समजावून सांगावा आणि अखेरचा निर्णय रुग्णावर सोडावा. "यांना काय कळतंय" ही भावना मनातून काढून टाकली पाहिजे. स्वतःचा चेहरा प्रत्येकाला कळतो.

हिरडीच्या रंगाकडेही असेच दुर्लक्ष होते. आपल्यापैकी अनेकांच्या हिरड्या गुलाबी नसून तपकिरी असतात. तो आजार नव्हे, कातडीत असते तेच रंगद्रव्य तेथेही असते. हसताना ज्यांची हिरडी दिसते, त्यांच्या तोंडात फिक्या गुलाबी रंगाची बैठक परकी वाटते. अशा वेळी बैठकीच्या ॲक्रिलिकमध्ये तपकिरी छटा मिसळता येते. रुग्णांनी याविषयी अवश्य विचारावे.

प्रयोगशाळा आणि मेणावरची चाचणी

कवळी प्रत्यक्ष घडवतो तो तंत्रज्ञ. १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टने 'डेंटल मेकॅनिक' म्हणून त्याच्या व्यवसायाला कायद्याने स्थान दिले. बहुतेक वेळा त्याने रुग्णाला पाहिलेलेही नसते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसते 'ए-३' लिहिलेले असते. एवढ्याने भागत नाही, कारण एका कंपनीचा ए-३ आणि दुसऱ्या कंपनीचा ए-३ तंतोतंत सारखा असतोच असे नाही. चिनी मातीच्या नमुन्यावरून ॲक्रिलिकचा दात निवडला तरी फरक पडतो. ज्या कंपनीचे दात वापरायचे तिचाच नमुना संच वापरावा. चिठ्ठीवर कंपनीचे नाव, छटा, रुग्णाचे वय आणि काही विशेष असेल तर दाताचे साधे चित्र काढून द्यावे.

कवळी पक्की होण्यापूर्वी दात मेणात लावून तोंडात घालून पाहतात. ही 'ट्रायल' म्हणजे चूक सुधारण्याची शेवटची सोपी संधी. या टप्प्यावर दात बदलणे पाच मिनिटांचे काम असते. एकदा मेणाच्या जागी ॲक्रिलिक भरून ते शिजवले की बदल करणे खर्चाचे आणि कटकटीचे होते. म्हणून या दिवशी रुग्णाने शक्यतो सकाळी यावे आणि घरातले एखादे माणूस सोबत आणावे. हातातल्या आरशात तर पाहावेच, शिवाय भिंतीवरच्या आरशासमोर दोन पावले मागे उभे राहून बोलावे, दहापर्यंत आकडे म्हणावेत आणि मोकळेपणाने हसावे. मनात शंका असेल तर त्याच क्षणी सांगावे. यात संकोच करण्यासारखे काही नाही.

मोफत शिबिरे आणि रुग्णाचा मान

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. समाजमंदिरात, विहारात, शाळेत भरणाऱ्या शिबिरांतून गरीब वृद्धांना मोफत कवळ्या दिल्या जातात. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतही काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्या जोडीने कृत्रिम दातांचा समावेश करण्यात आला. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु गर्दी मोठी आणि वेळ कमी, म्हणून रांगेतल्या सर्वांना एकाच छटेचे दात, असेही घडताना दिसते.

आपल्याकडे एक जुनी म्हण आहे, 'धर्माची गाय आणि दात का गं नाही?' फुकट मिळालेल्या वस्तूत खोट काढू नये, असा तिचा रोख. घेणाऱ्याला गप्प बसवण्यासाठी ती वापरली जाते. कार्यकर्त्यांनी ही म्हण शिबिराच्या दाराबाहेर ठेवावी. मोफत चष्मा देताना आपण सर्वांना एकच नंबर देत नाही. मग दातांचा रंग सर्वांना एकच का? पैसे न देणाऱ्या माणसालाही आरशात पाहण्याचा आणि "हा नको, तो दाखवा" असे म्हणण्याचा हक्क आहे. यासाठी फार खर्च लागत नाही. एक नमुना संच, एक मोठा आरसा, सावलीतली एक खुर्ची आणि प्रत्येक रुग्णामागे पाच मिनिटे, एवढे पुरेसे आहे. शिबिराच्या नियोजनात कार्यकर्त्यांनी या पाच मिनिटांची तरतूद आधीच करून ठेवावी.

कवळीचा रंग टिकवण्यासाठी

चांगला निवडलेला रंग टिकवणे रुग्णाच्या हातात असते. प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून धुवावी. दिवसातून एकदा मऊ ब्रश आणि साध्या साबणाने ती घासावी. खरखरीत दंतमंजन, राख किंवा मिश्री वापरू नये, त्याने बारीक ओरखडे पडून त्यांत चहाचे व हळदीचे डाग बसतात. उकळत्या पाण्यात कवळी कधीही टाकू नये, तिचा आकार बिघडतो आणि रंगही जातो. रात्री झोपताना ती काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी, म्हणजे हिरड्यांनाही विश्रांती मिळते. धुताना खाली पाण्याने भरलेले भांडे ठेवावे, हातातून निसटली तरी ती फुटणार नाही.

विद्यार्थी मित्रांना शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. आज रंग मोजणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे निघाली आहेत आणि मोठ्या शहरांतल्या काही दवाखान्यांत ती वापरलीही जातात. त्यांचे स्वागतच आहे. परंतु दात नसलेल्या तोंडात उपकरण मोजणार तरी काय? तेथे उजेड, डोळे आणि रुग्णाचे मत हेच उपयोगी पडते. दंतवैद्यक किंवा दंत-तंत्रज्ञानाकडे वळणाऱ्यांनी आपल्या वीस मित्रांचे दात नमुना संचाशी जुळवण्याचा सराव करावा, एकाच दाताचा रंग सकाळी आणि रात्री पाहून टिपून ठेवावा. डोळा सरावाने तयार होतो.

आमच्या त्या आजी नंतर एकदा सहज भेटायला आल्या होत्या. गावाकडच्या शेंगा घेऊन आल्या होत्या आणि स्वतःही खात होत्या. त्या काय बोलल्या ते आता आठवत नाही. पण बोलताना त्यांचा पदर खांद्यावर होता, तोंडावर नव्हता, एवढे मात्र पक्के आठवते.